समोरच्याचं पान सोडवताना

कोरियात एकट्याने जेवायला जाणाऱ्याची पंचाईत होते. साध्या खाणावळीत भिंतीवर पदार्थ आणि दर लिहिलेले असतात. त्यातल्या कित्येक पदार्थांपुढे बारीक अक्षरांत सूचना असते, किमान दोन जणांसाठी. कारण सरळ आहे. मेजाच्या मधोमध शेगडी असते, तिच्यावर सगळ्यांचं मिळून एक पातेलं चढतं आणि त्याच्याभोवती छोट्या बशा मांडल्या जातात. या बशांतल्या भाज्या, लोणची, खारवलेले मासे यांना मिळून ‘बानचान’ म्हणतात. भाताची वाटी आणि सूपचा वाडगा तेवढा ज्याचा त्याचा, बाकी सगळं समाईक. एका माणसासाठी एवढा पसारा मांडणं खाणावळवाल्याला परवडत नाही. सोलसारख्या शहरात आता एकट्यादुकट्याची सोय करणारी दुकानं निघाली आहेत, पण गावाकडे मेज अजून चौघांच्या हिशेबानेच मांडलं जातं.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘सहभोजन’ हा विषय सुचवला, तेव्हा पुण्याजवळचा एक तायक्वांदोचा वर्ग मे महिन्याच्या सुट्टीत कोरियाला निघाला होता. शाळकरी मुलं-मुली, कॉलेजातले काही जण, दोन-तीन पालक आणि त्यांचे सर. मला तायक्वांदो येत नाही. सरांनी मला सरावाच्या वेळी भिंतीशी बसायची आणि जेवायच्या वेळी सगळ्यांबरोबर बसायची परवानगी दिली. निघण्याआधी ते मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होते, “तिथलं जेवण हा सहलीतला मोकळा तास समजू नका. तोही सरावच आहे.” त्या वेळी मला हे शिक्षकी बोलणं वाटलं होतं. तिथे मेजावर बसल्यावर त्याचा अर्थ उलगडत गेला, आणि हा लेख त्याबद्दलच आहे.

मुजूतला दिवस

नैर्ऋत्य कोरियातल्या उत्तर जॉल्ला प्रांतात मुजू नावाचा डोंगराळ तालुका आहे. २०१४ साली तिथे ‘तायक्वांदोवॉन’ उभं राहिलं. सराव-शाळा, स्पर्धेचं मैदान, संग्रहालय, राहायच्या खोल्या आणि हे सगळं जंगलाच्या कुशीत. २०१७ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथेच झाली आणि त्या वेळी उत्तर कोरियाच्या पथकानेही इथे प्रात्यक्षिकं दाखवली होती. जगभरातले वर्ग इथे येऊन राहतात, म्हणून सकाळी नाश्त्याच्या रांगेत पाच-सहा भाषा कानावर पडतात.

सकाळचं सत्र पूमसेचं, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेचं. त्यानंतर जोड्या लावून किकचा सराव. एकाने किक पॅड धरायचं, दुसऱ्याने त्यावर लाथ मारायची, मग अदलाबदल. बाहेरून बघणाऱ्याचं लक्ष लाथ मारणाऱ्याकडे असतं. तिथले प्रशिक्षक, ज्यांना सगळे ‘साबमनिम’ म्हणतात, ते मात्र पॅड धरणाऱ्याला जास्त वेळा टोकत होते. पॅड योग्य उंचीवर, योग्य कोनात, योग्य क्षणी समोर आलं नाही तर समोरच्याची लाथ वाया जाते, कधी गुडघाही दुखावतो. दुसऱ्याचा सराव नीट व्हावा म्हणून आपण सावध राहायचं, हे तिथे पहिल्या तासापासून शिकवलं जातं.

दुपारी तिथल्या खाणावळीत खणांचं स्टीलचं ताट हातात येतं. खालच्या डाव्या खणात भात, उजव्या खणात सूप, वरच्या ओळीत तीन-चार बानचान. आमची मुलं पहिल्या दिवशी ताट भरून घेत होती. ताट परत करायच्या खिडकीपाशी उरलेलं अन्न स्वतःच्या हाताने बादलीत टाकावं लागतं आणि ते सगळ्यांच्या देखत होतं. दुसऱ्या दिवशी कोणी सांगितलं नाही, तरी खण निम्मेच भरले गेले. पुन्हा हवं तर पुन्हा घेता येतंच.

गटात एक मुलगी ४९ किलोखालच्या गटात खेळते. वजनकाट्याच्या धाकाने तिने गेली काही वर्षं प्रत्येक घास मोजून खाल्ला आहे. तिला इथे धीर आला तो पदार्थांच्या मांडणीमुळे. वाफवलेला पालक, मोड आलेलं सोयाबीन, मुळ्याचा कीस, कमळकाकडी, समुद्री शेवाळाचं सूप, आणि या सगळ्याला तिळाच्या तेलाचे थेंब. तळलेलं फार थोडं. पोटभर जेवून ती दुपारच्या सत्रात हलकीच राहायची.

संध्याकाळी आम्ही नदीकाठच्या गावात गेलो. गुम नदीचा वरचा प्रवाह या भागातून वाहतो, त्यामुळे मुजूचं नाव निघालं की ‘ओजुक’चं नाव निघतं. नदीतले छोटे मासे शिजवून, काटे गाळून, त्या रश्शात तांदूळ आणि गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली चटणी, घालून केलेली ही दाट, लालसर पेज. वरून पेरिलाची चिरलेली पानं. माशाचा वास जेमतेम येतो, चव मात्र तळापर्यंत उतरते. तिच्या जोडीला ‘दोरी-बेंगबेंगी’ आली. बोटाएवढे मासे सपाट तव्यात गोल रचलेले, सगळ्यांच्या शेपट्या मधोमध, कुरकुरीत तळून वर तिखट-गोड मसाला पसरलेला. तवा मेजाच्या मध्ये ठेवला की आपल्यासमोर येईल तो मासा आपला. कोकणातून आलेल्या एका पालकांनी मान हलवून पसंती दिली आणि काटा न काढता मासा अख्खा खाल्ला.

चमचा कोणी उचलायचा

आपल्या पंगतीत श्लोक होईपर्यंत कोणी पानाला हात लावत नाही. कोरियन मेजावर वयाने सगळ्यांत मोठा माणूस चमचा उचलेपर्यंत बाकीचे थांबतात. आमच्या मुलांना हे जमायला वेळ लागला नाही, कारण दोजांगात, म्हणजे सरावाच्या जागेत, ती हेच करत आली आहेत. आधी नमन, मग आज्ञा, मग हालचाल. जेवण्याआधी “जाल मोक्केस्सुम्निदा” आणि उठताना “जाल मोगोस्सुम्निदा” म्हणायचं. आमच्या मुलांनी ते इतक्या खणखणीत आवाजात म्हटलं की शेजारच्या मेजावरचे आजोबा हसून टाळ्या वाजवायला लागले.

बाकीच्या रीती बघून शिकायच्या. भाताची वाटी मेजावरच ठेवून जेवायचं, हातात उचलायची नाही. भात आणि सूप चमच्याने, बानचान चॉपस्टिकने. चमचा किंवा चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत, कारण पितरांना जेवण दाखवताना भातात चमचा तसा खोचतात. मोठ्यांच्या पेल्यात काही ओतताना दोन्ही हात लावायचे. चमचे-चॉपस्टिक बऱ्याचदा मेजाच्या कडेच्या खणात असतात. ते काढून सगळ्यांपुढे मांडणं आणि पाणी आणणं हे गटातल्या लहानांचं काम. मांस भाजायचं असेल तर चिमटा आणि कात्रीही धाकट्यांकडे येते. बानचान संपलं की मागून घ्यावं, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. एका मेजावरचं उरलेलं दुसऱ्या मेजावर वाढायला मात्र कायद्याने बंदी आहे.

भाताच्या स्टीलच्या झाकणाच्या वाटीलाही इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर युद्धाने पोळलेल्या या देशात तांदूळ पुरत नव्हता. म्हणून सरकारने भातात जव आणि इतर धान्यं मिसळायची मोहीम चालवली, आणि १९७०च्या दशकात खाणावळींतल्या भाताच्या वाटीचं मापसुद्धा ठरवून दिलं. आज तांदूळ मुबलक आहे. भूक बघितलेल्या पिढीने घालून दिलेली ती लहान वाटी तेवढी राहिली.

या मेजावरची एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. बानचानात सोया सॉसमध्ये मुरवलेली पेरिलाची पानं होती. तळहाताएवढी, कातरलेल्या कडांची, एकावर एक रचलेली. मुरल्यामुळे ती एकमेकांना चिकटतात. कोरियन चॉपस्टिक धातूच्या, चपट्या आणि निसरड्या. आमचा एक मुलगा त्यातलं एक पान सोडवायचा प्रयत्न करत होता. दर वेळी तीन-चार पानांचा गठ्ठा वर यायचा. समोर बसलेल्या आमच्या दुभाषी बाईंनी काही न बोलता आपल्या चॉपस्टिकने खालचं पान दाबून धरलं. वरचं पान अलगद सुटलं. मुलाने ते भातावर पसरलं, गुंडाळलं, खाल्लं. मग त्यांच्यासाठी त्याने खालचं पान धरलं.

सकाळचं किक पॅड आणि हे पान यांत मला फरक दिसेना. समोरच्याला काय हवं आहे ते त्याने मागण्याआधी ओळखायचं, आपला हात तिथे न्यायचा आणि त्याचं झालं की मागे घ्यायचा. सर ज्याला सराव म्हणत होते तो हा.

जॉन्जूचे दोन वाडगे

मुजूहून जॉन्जू फार लांब नाही. २०१२ साली युनेस्कोने या शहराला खाद्यसंस्कृतीच्या शहरांत मानाचं स्थान दिलं. बिबिमबाप म्हटलं की कोरियन माणूस जॉन्जूचं नाव घेतो. पितळी वाडग्यात हाडांच्या रश्शात शिजवलेला भात, वर मोड आलेलं सोयाबीन, गाजर, पालक, रानातल्या भाज्या, मुगाच्या सत्त्वाच्या पिवळ्या वड्यांचे काप, मधोमध मांस आणि अंड्याचा बलक, बाजूला गोचुजांग. प्रत्येक भाजी वेगळी शिजवलेली, प्रत्येकीचं मीठ वेगळं. मुलांनी भराभर फोटो काढले. दुभाषी बाईंनी सांगितलं की खरं काम आता आहे. भाताचं शीत मोडू नये म्हणून चॉपस्टिकने हलक्या हाताने कालवायचं, आणि तळाचा भात वर येईपर्यंत कालवायचं.

दुसरा वाडगा सकाळचा. नाम्बू बाजारात पहाटेपासून ‘कोंगनामुल गुकबाप’ मिळतं, म्हणजे मोड आलेल्या सोयाबीनच्या रश्शातला भात. रात्र जागवलेले, लांबच्या प्रवासाला निघालेले, बाजारात माल उतरवणारे असे सगळे तिथे बसतात. रस्सा वाढणाऱ्या मावशींचे हात मी बराच वेळ बघत राहिले. मातीच्या जाड वाडग्यात गार भात. त्यावर उकळत्या पातेल्यातला रस्सा पळीने घालायचा, वाडगा कलता करून, पळीच्या काठाने भात अडवून तोच रस्सा परत पातेल्यात ओतायचा. पुन्हा घालायचा, पुन्हा ओतायचा. याला ‘तोऱ्योम’ म्हणतात. भात रश्शात उकळला तर स्टार्च सुटून रस्सा गढूळ होतो. असा धुऊन घेतला की प्रत्येक शीत आतपर्यंत गरम होतं, रस्सा नितळ राहतो आणि वाडगा पुढे येताच खाता येतो, फुंकर घालत बसावं लागत नाही.

बरोबर एका छोट्या वाटीत अर्धवट शिजलेलं अंडं येतं. ते रश्शात फोडायचं नाही. वाटीतच दोन-तीन चमचे रस्सा घालायचा, समुद्री शेवाळाचा भाजलेला कागद चुरून टाकायचा आणि आधी ते खायचं. सरावाने अंग आंबलेल्या मुलांनी हे वाडगे तळापर्यंत रिकामे केले.

उन्हात बसलेले रांजण

या सगळ्या चवींचं मूळ बघायचं तर सुन्छांगला जायला हवं. गोचुजांगसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात घरांच्या अंगणात तपकिरी रांजणांच्या रांगा आहेत. हे ‘ओंगी’ रांजण भाजताना मातीत सूक्ष्म छिद्रं राहतात. त्यांतून हवा जाते-येते, पाणी झिरपत नाही. चांगलं ऊन असलं की झाकणं उघडतात, ढग आले की लावतात. अंगण राखणाऱ्या आजी बोलताना मधेच थांबून आभाळाकडे बघत होत्या.

कोरियन स्वयंपाकाचे तीन आधार आहेत: द्वेनजांग, कानजांग आणि गोचुजांग. पहिल्या दोघांचा जन्म एकाच रांजणात होतो. सोयाबीन उकडून, कांडून त्याच्या विटा थापतात. त्यांना ‘मेजू’ म्हणतात. भाताच्या पेंढ्याने बांधून त्या टांगून ठेवतात. पेंढ्यातले आणि हवेतले सूक्ष्मजीव त्यांत शिरतात आणि विटांवर बुरशी धरते. हिवाळा सरता सरता त्या धुऊन मिठाच्या पाण्यात बुडवतात आणि वर कोळसा व लाल मिरच्या सोडतात. चाळीस-साठ दिवसांनी पाणी काळंभोर होतं. ते गाळून घेतलं की कानजांग, म्हणजे सोया सॉस. खाली उरलेला लगदा कुस्करून पुन्हा मुरत ठेवला की द्वेनजांग. गोचुजांगची कृती वेगळी. त्यात मिरचीची पूड, चिकट तांदूळ, मेजूची भुकटी, मीठ आणि गोडव्यासाठी मोड आलेल्या जवाचा पाक. डिसेंबर २०२४मध्ये युनेस्कोने या सगळ्या परंपरेला मानवाच्या अमूर्त वारशात जागा दिली. किमची एकत्र घालण्याच्या ‘किमजांग’ या रीतीला तो मान २०१३ सालीच मिळाला होता.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. ती आपल्याकडे पोर्तुगीज जहाजांतून आली आणि कोरियातही ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली असं सर्वसाधारणपणे मानतात. आजींनी काठीच्या टोकावर दिलेलं गोचुजांग आमच्या कोल्हापूरकडच्या मुलाने चाटलं. त्याला तिखटाची भीती नव्हती. त्याला नवल वाटलं ते तिखटामागून हळूहळू येणाऱ्या गोडीचं. आजी म्हणाल्या, हे दोन उन्हाळे बसलेलं आहे.

किमजांगचा हंगाम नोव्हेंबरअखेरचा, म्हणून मुलांना तो बघता आला नाही. त्याचं फळ मात्र रोज ताटात होतं. लांबट कोबीचे गड्डे मिठाच्या पाण्यात रात्रभर मुरवायचे. मग प्रत्येक पानाच्या आत मुळा, लसूण, आलं, मिरची, खारवलेला जवळा यांचा मसाला हाताने भरायचा. शेकडो पानं एकट्या बाईने भरणं शक्य नाही, म्हणून शेजारपाजार आणि नातलग जमतात. सगळ्यांच्या घरची किमची थोडी थोडी सगळ्यांकडे जाते. मे महिन्यात तीच किमची चांगली आंबट होते आणि मग ती कच्ची न खाता रश्शात पडते.

शाकाहारी पाहुण्याची अडचण इथेच आहे. किमचीत जवळा किंवा माशाचा अर्क असतो, सूप बहुधा सुकवलेल्या छोट्या माशांच्या पाण्यात केलेलं असतं आणि बिबिमबापवरच्या गोचुजांगमध्येही कधी खिमा परतलेला असतो. आमच्या गटात माळकरी घरातली एक मुलगी होती. ती भात, शेवाळ, टोफू, पालक यांवर भागवत होती. तिने तक्रार केली नाही, पण सरांना ते दिसत होतं.

मठातली न्याहारी

ग्यॉन्जूजवळच्या हामवॉल डोंगरात गोलगुलसा नावाचा बौद्ध मठ आहे. सिल्ला राजवटीच्या काळात भारतातून आलेल्या भिक्खूंनी इथल्या कातळात गुहा कोरल्या, अशी मठाची परंपरा सांगते. वरच्या कड्यात कोरलेली बुद्धमूर्ती आजही खालच्या दरीकडे बघत बसली आहे. ‘सुनमुदो’ या युद्धकलेचं हे मुख्य ठाणं. हालचाल श्वासाला बांधलेली, इतकी संथ की एक पाय उचलून खाली टेकवेपर्यंत कपाळावर घाम येतो. आम्ही गेलो तेव्हा बुद्धजयंतीच्या दिवसांत लावलेले रंगीत कागदी कंदील आवारात झुलत होते.

मठाच्या स्वयंपाकात मांस-मासे नाहीत. लसूण आणि कांद्याच्या जातीच्या चार तीव्र वासाच्या वनस्पतीही नाहीत, आणि वर्ज्य पाचांपैकी पाचवं नाव आहे हिंगाचं. हिंग कोरियात पिकत नाही. हा नियम भारतातून धर्माबरोबर तिथवर गेला आणि तसाच टिकला. चव येते ती मशरूमची भुकटी, शेवाळाची पूड, पेरिलाचं बी आणि वर्षानुवर्षं मुरलेल्या द्वेनजांगमधून. बेक्यांगसा मठातल्या भिक्खुणी जॉन्ग क्वान यांचा स्वयंपाक २०१७ साली नेटफ्लिक्सच्या ‘शेफ्स टेबल’मध्ये दाखवला गेला आणि मठाच्या या साध्या जेवणाचं नाव जगभर झालं.

पहाटे चारच्या सुमारास लाकडी ठोक्यांनी उठलो. प्रार्थना, ध्यान आणि मग ‘बारू गोंगयांग’, म्हणजे भिक्षापात्रातली न्याहारी. प्रत्येकासमोर कापडात बांधलेली, एकात एक बसणारी चार लाकडी पात्रं. बांबूची टाळी वाजली की उघडायची, पुढच्या टाळीला वाढप. पाणी, भात, सूप, भाज्या, एकेका पात्रात. वाढणारे आपल्यातलेच. आपल्याला पुरेल तेवढंच घ्यायचं आणि घेतलेलं सगळं संपवायचं. कोणी बोलत नाही. मुळ्याचा एक काप मात्र शेवटपर्यंत राखून ठेवायचा. गरम पाणी पात्रात घेऊन त्या कापाने कडा, तळ, कोपरे पुसायचे, मग काप खायचा आणि पाणी पिऊन टाकायचं. शेवटी स्वच्छ पाण्याने विसळून ते पाणी एका समाईक भांड्यात ओततात. त्यात एक शीतही दिसता कामा नये. सुईच्या छिद्राएवढा घसा असलेल्या भुकेल्या आत्म्यांना ते पाणी द्यायचं असतं, शीत राहिलं तर त्यांच्या घशात अडकेल, अशी समजूत आहे. एका माणसाच्या आळसाने सगळ्या ओळीचं पाणी गढूळ होतं, म्हणून प्रत्येक जण आपलं पात्र पुन्हा पुन्हा निरखत होता.

माळकरी घरातल्या मुलीने या सहलीत पहिल्यांदाच त्या सकाळी भात पुन्हा घेतला. समोरच्या रांगेत बसलेल्या सरांनी ते पाहिलं आणि मान खाली घालून आपलं पात्र पुसायला घेतलं.

परतल्यावर

सोलच्या गंगनाम भागातलं ‘कुक्कीवॉन’ १९७२पासून तायक्वांदोचं माहेर आहे. जगभरच्या काळ्या पट्ट्यांची प्रमाणपत्रं तिथून निघतात. आमच्या मुलांनी तिथल्या फरशीवर शेवटचं पूमसे केलं आणि सहल संपली.

महाराष्ट्रातले अनेक वर्ग आता कोरियाला जातात. त्यांना मी आग्रहाने सांगेन, की जेवणाचे तास वेळापत्रकात उरल्यासुरल्या जागेत कोंबू नका. चार-चार जणांचे गट पाडून मेजावर बसवा, दर वेळी गट बदला, लहानांकडे पाणी आणि चमचे सोपवा. शाकाहारी मुलांची यादी आधीच कळवा आणि मठातला एक मुक्काम नक्की ठेवा. सुन्छांगसारख्या गावी रांजण बघायला अर्धा दिवस काढा.

हे कोरियापुरतं ठेवायचं कारण नाही. आपल्याकडची वर्गातली मुलं शाळेतून क्लासला, क्लासवरून सरावाला धावतात. डबा रिक्षात उघडतात, हातात मोबाइल असतो. एकमेकांना लाथा कशा मारायच्या हे त्यांना माहीत आहे, एकमेकांना वाढणं मात्र कोणी शिकवत नाही. सरांनी या वर्षीपासून पट्ट्याच्या परीक्षेचा दिवस जेवणाने संपवायचं ठरवलं आहे. साधा वरण-भात, एक भाजी, ताक. वाढप मुलांचं, ताटं मुलांनीच घासायची, आणि सगळ्यांच्या पानात पडल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. पहिल्या परीक्षेला मी हजर होते. हिरव्या पट्ट्याचा एक मुलगा आपलं वाढून घेण्याआधी रांगेवरून नजर फिरवत गेला आणि कोणाचं वरण संपलं आहे ते बघून परत आला. त्याच्या किकला त्या दिवशी किती गुण पडले मला माहीत नाही, पण काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत या नजरेलाही गुण असावेत, असं मी सरांना सांगितलं आहे.